पिवळा कोणाच्या हातचं खातो

आधीच सांगते, मी जळकी बाई आहे. शाळेत शेजारणीच्या वहीवर बाईंनी 'छान' लिहिलं की माझ्या पोटात दुखायचं, आणि कारखान्याच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं काढूनही ते दुखणं गेलेलं नाही. पण मी एका माशावरून स्वतःच्या सासूवर जळेन असं कोणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

मासा पिवळा होता. ओल्या हळदीसारखा पिवळा, तळहाताएवढा, शेपटीच्या बुडाशी ब्लेडसारखा एक पांढरा काटा. दुकानदार त्याला सर्जन म्हणतात. घरात आम्ही नुसतं पिवळा म्हणायचो. माझ्या टाकीत तो दहा वर्षं होता, आणि त्या दहा वर्षांत त्याने माझ्या हातातून एकदाही काही खाल्लं नव्हतं. काचेला चिकटवलेल्या चिमट्यात मी वाळलेल्या शेवाळाचा तुकडा अडकवायचे, चार पावलं मागे सरायचे, मग तो यायचा. मला वाटायचं, त्याची जातच बुजरी.

टाकी म्हणजे समुद्राची टाकी. बोईसरजवळ सरावलीतल्या आमच्या तळमजल्याच्या घरात हॉलची एक अख्खी भिंत तिने खाल्ली आहे. सहा फूट लांब, आठशे लिटर खारं पाणी, आत दगडांची रास आणि त्या दगडांवर अकरा वर्षांत पसरलेले मऊ प्रवाळ. काही बोटांसारखे, काही शर्टाच्या बटणांएवढे, आणि मधोमध परातीएवढं एक मोठं, अळंबीच्या आकाराचं, कडा दुमडलेलं. खालच्या कपाटात आणखी एक टाकी, पंप, पाण्यातली घाण फेसाबरोबर उपसून काढणारं स्किमर आणि उन्हाळ्यात पाणी गार ठेवणारं यंत्र. अणुवीज केंद्र अर्ध्या तासाच्या रस्त्यावर असूनही आमच्याकडे वीज जाते, म्हणून वर इन्व्हर्टर. पाहुणे टाकीकडे बघतात, मी कपाटाकडे बघते. पंपाचा आवाज एका सुरात येतोय ना, एवढं ऐकल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही.

हे खूळ कुठून आलं ते सांगायला हवं. माझं माहेर सांगलीकडचं. आमच्याकडे मासा म्हणजे नदीतला, नाहीतर बाजारातला सुका बोंबील. नोकरीसाठी बोईसरला आले, इथेच लग्न जमलं, आणि समुद्र पहिल्यांदा नीट पाहिला तो सासरच्या ओट्यावरून, घिवलीला. त्या घरात समुद्राचं सगळ्यांना सगळं ठाऊक. वारा कुठून सुटलाय, पाणी कधी चढणार, कोणता मासा कोणत्या महिन्यात खायचा, ताटातला ताजा आहे की बर्फातला, हे सासूबाई जेवता जेवता सांगायच्या. मी घाटावरची, घशात काटा अडकू नये एवढंच बघत बसायचे. नणंदा हसायच्या. मनात काही वाईट ठेवून नाही, पण हसायच्या. मला त्या सगळ्यांना ठाऊक नसलेला एक समुद्र हवा होता. तो मी मीठ कालवून घरात तयार केला, आणि त्यात काय चाललंय हे माझ्याशिवाय कोणालाही कळत नव्हतं. खरं सांगायचं तर टाकीपेक्षा मला तेच जास्त आवडायचं.

माझी पद्धत प्रयोगशाळेतली. दर रविवारी सकाळी छोट्या बाटल्यांत पाणी घ्यायचं, थेंब मोजायचे, रंग बदलला की वहीत आकडा लिहायचा. आकडा खाली गेला असेल तर वर आणायचा, वर गेला असेल तर खाली. मग शंभर लिटर पाणी बदलायचं, काच घासायची, दगडांवरची धूळ उडवायची. वहीची सात भली जाड बाडं झाली आहेत. नवरा या सगळ्याला 'तुझा दुसरा संसार' म्हणायचा. तो अणुवीज केंद्रात मेंटेनन्सला आहे. दिवसभर पंप आणि व्हॉल्व्ह बघून आल्यावर त्याला घरात आणखी पंप नको असायचे. अकरा वर्षांत तो टाकीसमोर पाच मिनिटं बसल्याचं मला आठवत नाही. त्याचं मला फारसं काही वाटतही नव्हतं.

गेल्या वर्षी, थंडी सरता सरता, अशाच एका रविवारी पाण्याची बादली उचलताना माझा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवड्यांचं प्लास्टर. डाव्या कोपराला खरचटलं होतं, आणि उघड्या जखमेचा हात त्या पाण्यात घालायचा नाही हे मला डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती. मुलगा शिकायला पुण्याला. दुसऱ्या दिवशी घिवलीहून सासूबाई हजर झाल्या. एका पिशवीत कपडे, दुसरीत सुकी मासळी.

सासूबाई सत्तरीला टेकल्या आहेत. पन्नास वर्षं त्यांनी मासळी विकली, आणि अजूनही कोणाकडे बघतात ते घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं. टाकी त्यांना कधीच पटली नव्हती. "येवढं खारं पानी घरात कशाला? भायेर काय कमी हाय?" हे त्यांचं दर भेटीतलं वाक्य.

मी चार पानांच्या सूचना लिहून काढल्या, डाव्या हाताने, कोंबडीचे पाय उमटावेत अशा अक्षरात. नवऱ्याने त्या मोठ्याने वाचून दाखवल्या. सासूबाईंनी भाजी निवडत ऐकल्या आणि म्हणाल्या, "बरं."

पहिले दोन दिवस त्यांनी काहीच केलं नाही. सकाळी चहाचा कप घेऊन त्या टाकीसमोर खुर्ची ओढून बसायच्या आणि बघायच्या. अर्धा तास, पाऊण तास. मी आतून ओरडायचे, "आई, काच घासायची आहे." त्या म्हणायच्या, "बघू तर दे आदी. होडी लोटायच्या आदी मानसं किनाऱ्यावर उभी राहून पानी बघतात का नाय? आपन तसंच हात घालायचा?"

रविवारी मी पाणी बदलायची आठवण केली. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि मान हलवली. "आज अष्टमी. भांग हाय, भरती थोडकी, पानी नरम हाय. भांगेला पान्याला तरास द्यायचा नाय. अमुशाला उदान येतं, तवा बदलू."

"आई, या टाकीला भरती-ओहोटी नाही. ते पाणी मी बनवलंय."

"पानी तू बनवलं. मासा काय तू बनवला?"

नवरा खो खो हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण एका हाताची बाई करणार काय. अमावस्येपर्यंत पाणी तसंच राहिलं. मी डाव्या हाताने कशीबशी चाचणी केली. नायट्रेट, म्हणजे पाण्यातल्या घाणीचं माप, दहावर. माझ्या राज्यात ते कायम शून्याला टेकलेलं असायचं. मी आकडा वहीत लिहिला आणि, कबूल करते, मला बरं वाटलं. आता काहीतरी बिघडेल आणि सगळ्यांना कळेल, असं मनाशी म्हटलं.

काही बिघडलं नाही. उलट बटणांसारखे प्रवाळ दगड सोडून मागच्या काचेवर चढले. बोटांसारख्या, फिकट पडलेल्या प्रवाळांना तपकिरी, मग जांभळट रंग आला. मी ते पुस्तकात वाचलेलं होतं, की मऊ प्रवाळांना जरा मळकं पाणी मानवतं, सारखं घासूनपुसून ठेवलं की ते उपाशी राहतात. वाचलेलं होतं आणि आकड्यांच्या नादात बाजूला ठेवलं होतं. अकरा वर्षं मी माझी टाकी उपाशी ठेवली आणि स्वतःची पाठ थोपटली. हे मला कळलं, आणि मी ते कोणालाही सांगितलं नाही.

मग ते मोठं, अळंबीच्या आकाराचं प्रवाळ मिटलं. कडा आत वळल्या, अंगावर मेणासारखा थर आला, सगळं मरगळलेलं. ते पूर्वीही मिटायचं आणि दर वेळी माझा जीव टांगणीला लागायचा. मी नवऱ्याला कामाला लावलं. पाण्यातलं विष शोषणाऱ्या कार्बनची पिशवी टाक, पाणी काढ, दोनशे लिटर. तो बादली घेऊन निघाला तर सासूबाईंनी त्याचा दंड धरला.

"कात टाकतोय तो. निजू दे त्याला."

"आये, ही म्हनते आजारी हाय." आईशी बोलताना नवऱ्याची जीभ आपोआप घिवलीला जाते.

"खेकडा कात टाकतो तवा बिळात गप पडून रातो. तवा त्याला उपसून काडशील तर मरल. बस खाली."

तो बसला. माझ्या टाकीसमोर, आईशेजारी, चहा घेऊन. चौथ्या दिवशी त्या थराचा पापुद्रा सुटला, प्रवाहात वाहून गेला, आणि ते पूर्वीपेक्षा वीतभर जास्त उघडलं. नवऱ्याने मला हात धरून बघायला नेलं. मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. आणि त्या दोघांनी शेजारी शेजारी ठेवलेल्या खुर्च्यांमध्ये माझ्यासाठी तिसरी नव्हती, हेही मी लगेच टिपलं.

पण खरी जळजळ पिवळ्यावरून झाली. सासूबाई आठवड्यातून एकदा घर बघायला घिवलीला जायच्या. येताना किनाऱ्यावरच्या खडकांवरचं हिरवं शेवाळ ओल्या फडक्यात गुंडाळून आणायच्या. मी कडाडले. बाहेरची कोणतीही वस्तू टाकीत जाणार नाही, हा माझा पहिला नियम. त्यांनी ते निवडलं, तीन पाण्यांत धुतलं, जशी कोथिंबीर धुतात, आणि चिमटा बाजूला ठेवून दोन बोटांत धरून पाण्यात हात घातला. पिवळा दगडाआडून निघाला. एकदा लांबून फिरला. मग सरळ त्यांच्या बोटांपाशी येऊन ओढून खाऊ लागला.

"भुका होता गं," त्या मला म्हणाल्या. "हिरवं खानारा मासा हाय. त्याला तू कागद चारत व्हतीस."

आठ दिवसांत असं झालं की त्या हॉलमध्ये आल्या की पिवळा काचेशी. त्या डावीकडे गेल्या की तो डावीकडे. मी त्याच काचेसमोरून गेले तर तो आपल्या कामात. दहा वर्षं ज्याचं पाणी मी माझ्या हाताने कालवलं, तो. वरच्या मजल्यावरची उत्तर प्रदेशातली बाई, जिचा नवरा औद्योगिक वसाहतीत सुपरवायझर आहे, ती एकदा मैत्रिणीला घेऊन आली. दारात मी उभी. ती म्हणाली, "भाभी, अम्माजी का समुंदर दिखाने लाई हूँ इसको." मी हसून आत घेतलं. मग स्वयंपाकघरात जाऊन एका हाताने भांडी उगाच आदळली.

प्लास्टर निघालं. मला वाटलं आता त्या जातील. त्या म्हणाल्या, "हात कवळा हाय अजून. दोन आटवडे रातो." मला नाही म्हणता येईना. प्लास्टर काढल्याच्या संध्याकाळी मी त्यांच्यासारखंच शेवाळ धुतलं, दोन बोटांत धरलं आणि बारीक झालेला, पांढुरका पडलेला उजवा हात पाण्यात घातला. पिवळा आला. बोटांपासून चार अंगुळांवर थांबला. माझ्याकडे बघितलं असं मी म्हणणार नाही, मासे तसं बघत नसतात, पण थांबला. मग वळला आणि पलीकडच्या कोपऱ्यात गेला, जिथे काचेबाहेर सासूबाई उभ्या होत्या. "सवय नाय त्याला," त्या म्हणाल्या. त्यांनी ते माझ्या समाधानासाठी म्हटलं, आणि तेच माझ्या डोक्यात गेलं. त्यांनी मला टोमणा मारला असता तर मी सोसला असता.

पुढच्या आठवड्यात त्या एका साखरपुड्याला दिवसभरासाठी घिवलीला गेल्या. मला सुट्टी होती, नवरा कामावर. घरात मी आणि टाकी, दोन महिन्यांत पहिल्यांदा. मी त्यांच्यासारखीच खुर्ची घेऊन बसले. आणि माझी नजर मागच्या कोपऱ्यातल्या शिंपल्यांवर गेली. सासूबाईंनी कधीतरी किनाऱ्यावरचे बारा पांढरे शिंपले उकळून, धुऊन वाळूत ओळीने टोचले होते, लहान मुलं अंगणात खडे मांडतात तसे. नवऱ्याला ते फार आवडले होते. मला ते शिंपले त्यांच्या सहीसारखे दिसले. माझ्या टाकीवर दुसऱ्याची सही.

मी बाही वर केली आणि एकेक उपटायला लागले. अकरा सापडले. बारावा वाळूत रुतून गेला होता. शहाण्या माणसाने सोडून दिला असता.

टाकीची वाळू अकरा वर्षांची, चार बोटं जाड. इतकी जुनी वाळू खालून काळी पडते. तिथे हवा पोचत नाही आणि सडक्या अंड्यासारख्या वासाचा विषारी वायू साठून राहतो. वर वर काही दिसत नाही, आणि हात लावला नाही तर काही होतही नाही. नवशिके मला फोन करतात तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा हेच बजावते, जुनी वाळू ढवळू नका, काढायचीच तर एका वेळी वीतभर, नळीने ओढून. माझ्या पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर ते लाल शाईने लिहिलेलं आहे.

मी पाची बोटं तळाच्या काचेपर्यंत खुपसली आणि तो कोपरा चाळून काढला. काळा लोट उठला. तेव्हाही मी थांबले असते तर कदाचित निभावलं असतं. पण शिंपला मिळेना, आणि मला तो कोपरा पुन्हा पहिल्यासारखा सपाट, माझा हवा होता. मी दोन्ही हातांनी वाळू ओढत राहिले. वास नाकात शिरला तेव्हा कुठे माझं डोकं ठिकाणावर आलं.

मग मी सगळं केलं जे करायचं असतं. हवेचे बुडबुडे सोडणारे दगड पाण्यात सोडले, कार्बन टाकला, साठवलेलं सगळं पाणी ओतलं, नवं कालवलं. पिवळा वर आला होता, पृष्ठभागापाशी, तोंड उघडं ठेवून. जाळीने त्याला धरून मी नव्या पाण्याच्या बादलीत सोडला. तो एका कुशीवर झाला. मी बादलीत हात घालून त्याला सरळ धरला. दहा वर्षांत तो पहिल्यांदा माझ्या हातात होता. दुपारी अडीचच्या सुमाराला त्याचे कल्ले हलायचे थांबले. त्याच्याबरोबर वाळूत राहणारा एक छोटा मासाही गेला. बाकीचे वाचले. अळंबीने स्वतःला मुठीएवढं करून घेतलं होतं.

चारला सासूबाई आल्या. दारात चपला काढता काढता थांबल्या. मग आत येऊन त्यांनी काही न विचारता दोन्ही खिडक्या सताड उघडल्या आणि बादलीपाशी बसल्या. पिवळ्याला तळहातावर घेऊन अंगठ्याने त्याचा कल्ला उचलून पाहिला, बाजारात पन्नास वर्षं पाहिला तसा. बराच वेळ त्या त्याला हातात घेऊन बसल्या होत्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मी शिंपले ओढणीत गुंडाळून कपाटात टाकले होते.

सहाला नवरा आला. टाकी गढूळ, बादली, आई जमिनीवर. "काय झालं गं?" त्याने मला विचारलं. अख्ख्या घरात टाकीबद्दल ज्याला विचारायचं ते माणूस पुन्हा एकदा मी होते.

मी म्हणाले, "बाहेरचं काहीतरी आत गेलं."

त्या वाक्यात एकही शब्द कोणाच्या विरुद्ध नाही. मी ते फार विचार करून बोलले नव्हते, पण बोलता क्षणी मला कळलं की ते कुठे जाऊन लागणार. नवऱ्याने आधी ओट्यावरच्या ओल्या फडक्याकडे पाहिलं, मग आईकडे. "आये, तुला सांगितलं व्हतं ना हिनं, भायेरचं शेवाळ नको म्हनून."

मी मूग गिळून बसले.

सासूबाई उठल्या. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. "हां," त्या म्हणाल्या. "माजंच चुकलं आसंल." आणि रात्रीच्या भाकरीला पीठ काढायला आत गेल्या.

सकाळी त्यांच्या दोन्ही पिशव्या भरलेल्या होत्या. आता हात बरा झाला, म्हणाल्या. नवऱ्याने त्यांना गाडीवरून सोडलं.

त्या गेल्या त्या दिवशी मला मोकळं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. मी काच घासली, वही काढली, सगळे आकडे लिहिले. टाकी पुन्हा माझी झाली होती. पण नवरा संध्याकाळी येऊन मोबाइल घेऊन आतल्या खोलीत बसू लागला. त्याच्या खुर्चीवर मी मिठाची पोती ठेवली. वरची बाई दोनदा विचारून गेली, "अम्माजी कब आएँगी?" आणि मला अजूनही हेवाच वाटत होता, आता तर नसलेल्या माणसाचा. मासा मारला मी, आळ घेतला त्यांनी, आणि तरी लोकांना आठवण त्यांचीच. इतका कोतेपणा माणसात असतो हे मला कोणी दुसऱ्या माणसाबद्दल सांगितलं असतं तर मी नाक मुरडलं असतं.

तीन आठवडे काढले. मग एका रविवारी पाण्याची चाचणी तशीच टाकून मी रिक्षा धरली आणि घिवलीला गेले. नवऱ्याला बाजारात जाते म्हणून सांगितलं.

सासूबाई किनाऱ्यालगतच्या मोकळ्या जागेत होत्या. बांबूंच्या दांड्यांवर बोंबील वाळत होते आणि त्या एका टोकापासून ते उलटत चालल्या होत्या. मला पाहून त्यांनी हातानेच सावलीत बस म्हणून खूण केली. मी बसले नाही. त्यांच्या मागे मागे चालत मी सगळं सांगून टाकलं. शिंपले, बारावा शिंपला, काळी वाळू, माझं ते वाक्य. तुमच्या शेवाळाने काही झालं नव्हतं, आई. तो तुमच्या हातचं खायचा ते मला बघवत नव्हतं. इतकं स्पष्ट मी नवऱ्याशीही कधी बोललेले नाही.

त्या थांबल्या नाहीत. एक दांडी संपली, दुसरी धरली.

"म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या. "दारातच वास आला. खाडीचा काळा चिकल ढवळला का तसाच येतो. त्यानं मासा मरतो. आमच्यात पोरासोरांना म्हाईत हाय."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत? तुमचा मुलगा तुम्हाला बोलत होता."

आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर मी पाया पडले असते.

"टाकी तुजी हाय, बाय," त्या म्हणाल्या. "मासा तुजा. घर तुजं. मी चार दिवसांची पाव्हनी. पाव्हनीनं काय बोलायचं?"

टाकी तुजी हाय. दोन महिने मला घरातल्या कोणाच्या तरी तोंडून एवढंच ऐकायचं होतं. मी ओढणी खोचली आणि पलीकडच्या बाजूने बोंबील उलटायला हात घातला. लग्न होऊन आले त्या वर्षापासून मी त्या दांड्यांवर काम केलं होतं. मला जमत नसायचं तेव्हाही त्या करायला लावायच्या, ओरडायच्या, बोटं सोलवटली तर हळद लावून परत उभं करायच्या.

सासूबाईंनी माझं मनगट धरलं आणि अलगद बाजूला केलं.

"राऊ दे," त्या म्हणाल्या. "तुज्या हातांना वास लागंल."

मग त्यांनी घरातून खुर्ची मागवली, सावलीत ठेवली, आणि मला चहा विचारला.